वाटी, बाहुली आणि बेटकुळी

आमच्या हॉस्टेलच्या बाथरूमच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहिलेलं असायचं: स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. मनगटातली पहिल्या ओळीची चार हाडं. एवढी पाठ होईपर्यंत पहिली बादली संपायची, दुसऱ्या बादलीला खालची चार. एरवी देवाचं नाव न घेणाऱ्या मुली अंगावर तांब्या ओतताना ‘ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट’ म्हणायच्या, ‘गंगे च यमुने चैव’ म्हणावं तसं.

जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, पहिलं वर्ष. मी बारावी आर्ट्सची, मराठी माध्यमाची. पाठांतराला मी भीत नव्हते, इतिहासात काय कमी सनावळ्या घोकल्या होत्या? पण सनावळीच्या मागे काहीतरी असतं. १६७४ म्हटलं की रायगड दिसतो. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड म्हटलं की काहीच दिसत नाही, नुसती जीभ अडखळते. आणि असे शब्द पानोपानी. हाडंच २०६. चरकाने ३६० मोजली होती, दात-नखं धरून, आणि सुश्रुताने ३००. त्या मानाने आम्ही स्वस्तात सुटलो, हे खरं. पण तेव्हा असला हिशोब सुचत नव्हता. रात्री पुस्तक उशाशी घेऊन मी घरी फोन करायचे आणि आईला सांगायचे, मला जमत नाहीये. आई म्हणायची, बरं, जेवलीस का?

गाडी वळली ती गुडघ्याशी. मॅडम बोन सेटमधून एकेक हाड काढून नाव विचारत होत्या. माझ्या हातात एक चपटं, गोलसर, लिंबाएवढं हाड आलं. नाव आठवेना. मॅडम म्हणाल्या, “घरी काय म्हणतात याला?”

“गुडघ्याची वाटी.”

“मग पटेला म्हणजे दुसरं काय? लॅटिनमध्ये छोटी थाळी. वाटीच म्हण.”

वर्ग पुढे गेला, मी तिथेच राहिले. म्हणजे हे लोकसुद्धा स्वयंपाकघरातून बघत होते? मला उगाच वाटत होतं की ही नावं कुणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवली आहेत, आर्ट्सवाल्यांना वेगळं काढायला.

मग मला नादच लागला. लायब्ररीत शब्दांची मुळं सांगणारा एक जाडजूड मेडिकल कोश होता. त्याला फारसं कुणी हात लावत नसे, कारण परीक्षेत त्यातलं काही येत नाही. मी संध्याकाळी तो उघडून बसायचे. गॅस्ट्रोक्निमियस हा माझा सगळ्यात मोठा वैरी. लिहिताना दर वेळी एक अक्षर जास्त नाहीतर एक कमी. फोड करून पाहिली तर ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि क्नीमी म्हणजे पाय, गुडघ्याखालचा. पायाचं पोट. मी माझ्या पायाकडे पाहिलं आणि एकटीच हसले. पोटरी! त्या शब्दात आख्खं पोट बसलेलं आहे आणि अठरा वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

डोळ्याचा प्युपिल घ्या. त्याचं मूळ लॅटिन पुपिला, म्हणजे लहानशी बाहुली. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलंच इवलंसं रूप दिसतं, म्हणून ते नाव. आपणही डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. कोण कुणाकडून शिकलं? बहुतेक कुणीच कुणाकडून नाही. डोळ्यात डोळे घालून बघणारी माणसं सगळीकडे होती, एवढंच.

जिथे नावं जुळत नाहीत तिथे तर आणखी मजा. मसल हा शब्द आला उंदराच्या पिल्लावरून. दंड वळवला की कातडीखाली उंदीर धावल्यासारखं दिसतं, असं रोमन लोकांना वाटलं. आपल्याकडे दंडाला बेटकुळी येते. उंदीर की बेडूक, यावर मी रूममेटशी चांगला अर्धा तास वाद घातला आहे. माझं मत बेडकाला. आकुंचन पावताना स्नायू लांबीला कमी होतो आणि फुगतो. बेडूकही उडी मारायच्या आधी असाच अंग गोळा करून बसतो. आत काय होतं तर अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे तंतू कपाटाच्या सरकत्या दारांसारखे एकमेकांवर सरकतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, तरी स्नायू आखूड होतो. हा मुद्दा मला तीन तासिका कळला नव्हता. कळला तो हॉस्टेलच्या कपाटाचं दार अडकलं तेव्हा.

पाठीच्या कण्याच्या शेवटी तीन-पाच मणके एकत्र जुळून एक लहानसं हाड झालेलं असतं. कॉक्सिक्स. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कोकिळेच्या जातीचा पक्षी, कारण हाड त्याच्या चोचीसारखं दिसतं. आमची आजी म्हणायची माकडहाड. लहानपणी ओट्यावरून घसरून आपटलं की तिचा पहिला प्रश्न, “माकडहाडाला तर नाही ना लागलं?” बोन सेटमधलं ते हाड मी तळहातावर ठेवून पाहिलं. चोच दिसते, नाही असं नाही. पण ज्याला चोच दिसली त्याने हाड सुटं, हातात धरून पाहिलं असणार. माकड म्हणणाऱ्याने ते जिथे असतं तिथेच पाहिलं आणि तिथे पूर्वी काय असेल तेही ओळखलं.

आजी गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. तिच्या हाताला सगळी हाडं माहीत होती, नावानिशी. तिला कुणी २०६ पैकी मार्क दिले नाहीत.

काळजाने मात्र मला मार खायला लावला. घरचे शब्द हाताशी धरून सगळा अभ्यास उरकेल असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात हा घोटाळा. काळीज म्हणजे हार्ट, यात कुणाला शंका? आणि मटणवाल्याकडे कलेजी मागितली की तो काय देतो? यकृत. हृदय हवं असेल तर त्याला ‘दिल’ म्हणावं लागतं. शब्द एकाच घरातले, अवयव दोन. दीड किलोचं लिव्हर उजव्या बरगड्यांखाली गुपचूप पित्त तयार करत बसलेलं, आणि आम्ही त्याच्या नावाने प्रेमं करतो, त्याचं पाणी पाणी होऊ देतो, त्याचे ठोके चुकवतो. लिव्हरला ठोका नसतो, असं मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

ठोका चुकतो तेव्हा तो खरं तर चुकतही नाही. एखादा ठोका वेळेआधीच पडतो. हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवत नाही. मग थोडी उसंत, आणि पुढचा ठोका दणकून. आपल्याला कळते ती ती उसंत आणि तो दणका. एवढं शिकल्यावरसुद्धा मी काळजाचा ठोकाच म्हणते. ‘यकृत-हृदय गैरसमजाचा ठोका’ कोण म्हणणार?

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मला आली सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टीम, घाबरल्यावर शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्था. बाहेरून आलेल्या मॅडम, इस्त्रीची साडी, समोर माझं जर्नल. “टेल मी द इफेक्ट्स.” पाठ केलेलं सगळं उडालं. मग मी माझ्याच अंगाकडे लक्ष दिलं आणि जे होत होतं ते सांगत गेले. तोंडचं पाणी पळतं. हातपाय गार पडतात. छातीत धडधडतं. अंगावर काटा येतो. भूक मरते. डोळ्यातली बाहुली मोठी होते, हे मला दिसत नव्हतं, पण होत असणार.

मॅडम हसल्या नाहीत. “नाऊ इन इंग्लिश,” म्हणाल्या.

ते मग सोपं होतं. लाळ कमी, त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी, हृदयाची गती जास्त, केसांच्या मुळाशी असलेले बारके स्नायू आवळलेले, आतड्यांची हालचाल मंद. एकही सुटलं नाही. सगळी यादी शतकानुशतकं म्हणी-वाक्प्रचारांत पडून होती, मी फक्त कपडे बदलले.

नंतर मुलांच्या वॉर्डला पोस्टिंग लागलं. सात महिन्यांचं बाळ, दोन दिवस जुलाब. आई गप्प, बोलत होती ती आजी. “सिस्टर, टाळू बघा की हिची. खोल गेलीया.” मी बोटांची टोकं हलकेच फिरवली. कपाळाच्या वर, शंकरपाळ्याच्या आकाराची ती मऊ जागा, साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते ती. खरंच खोल गेली होती. पुस्तकात तिला फॉन्टानेल म्हणतात, म्हणजे लहानसा झरा, कारण तिथे आतली नाडी उडताना दिसते. झऱ्याचं पाणी आटलं होतं. मी स्टाफ सिस्टरना हाक मारली आणि नोंद केली: डिप्रेस्ड अँटेरियर फॉन्टानेल.

आजी माझ्या पेनाकडे बघत होत्या. “काय लिवलं?”

“तुम्ही सांगितलंत तेच.”

डॉक्टर बघून गेले. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात मी त्यांच्यासमोर मिसळलं, कसं आणि किती पाजायचं ते सांगायला तोंड उघडलं. तोवर आजींनी पिशवीतून स्टीलची वाटी आणि चमचा काढून बाळाला मांडीवर घेतलं होतं.