खिलार वळू लावायला देताना
आटपाडी, सांगोल्याकडे चांगल्या खिलार वळूची कीर्ती झाली की दारात गायींची रांग लागते. तिथेच घोटाळा होतो. आठवड्याला तीन-चार गायींपेक्षा जास्त लावल्या तर वीर्य पातळ पडतं, गायी उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात) आणि नाव वळूचं खराब होतं.

गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी आणा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट (माजावरच्या गायीच्या योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. पिवळसर, पुवाळलेला असेल तर गाय सरळ परत पाठवा, ओळखीची असली तरी! ब्रुसेलोसिसची (गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) तपासणी गाय आणि वळू दोन्हीकडची हवीच.

तारीख वहीत लिहा. साधारण २१ दिवसांनी गाय उलटली तर दुसरी खेप फुकट, हे पैसे घेतानाच बोलून ठेवावं.