पत्त्याचा पुरावा

माझे मामा १९९७ साली लान्स नायक म्हणून सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ होते. पाटण तालुक्यातील वाटणीच्या जमिनीवर चौघांचे पोट भरणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी पेन्शनचा काही हिस्सा विकून (कम्युटेशनला, म्हणजे पेन्शनचा भाग आगाऊ एकरकमी घेण्याला, आमच्याकडे ‘पेन्शन विकणे’ असेच म्हणतात) मुंबईत विक्रोळी पार्कसाईटच्या टेकडीवर दहा बाय बाराची एक खोली घेतली आणि पवईतील एका इमारतीत बारा तासांची सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत झाली. खोली मात्र अजूनही त्यांच्या नावावर झालेली नाही.

रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत ११४ पायऱ्या आहेत. ऐन उमेदीत खांद्यावर सिलिंडर घेऊन त्या चढणारे मामा आता निम्म्यावर एका ओट्यावर टेकतात. सार्वजनिक शौचालय खालच्या अंगाला असल्यामुळे मामी संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. त्यांच्या वरच्या ओळीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. अर्धांगवायू झाल्यापासून दर महिन्याला वस्तीतील चार मुले त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली रिक्षापर्यंत आणतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएसची आरोग्य योजना आहे, त्यांच्याकडे तिचे कार्डही आहे आणि औषधेही मिळतात. पण खुर्ची उचलणारी मुले कामावर गेली असतील, तर तो महिना तसाच जातो. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरमध्ये आणि विक्रोळीच्याच सूर्यनगरमध्ये घरे कोसळून माणसे गेली. तेव्हापासून मोठ्या पावसाच्या रात्री मामा पायांत बूट चढवूनच आडवे होतात. श्रीलंकेतील शांतिसेनेत असताना लागलेली ही सवय पुन्हा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते, असे ते हसत सांगतात, पण मामींना ते हसणे सहन होत नाही.

टेकडीवर झोपडपट्टी पुनर्वसन योजना येणार, या बातमीने सर्वांना आशा वाटली होती. पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या ज्या यादीवर सारे अवलंबून असते त्या परिशिष्ट-२ मध्ये मामांच्या नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा पडला. मोफत घरासाठी झोपडी आणि तिच्यातील वास्तव्य १ जानेवारी २००० पूर्वीचे असावे लागते. २०११ पर्यंतच्या रहिवाशांना ते सशुल्क मिळते. मामा १९९८ पासून तेथे राहतात, परंतु खोली स्टॅम्प पेपरवर घेतलेली असल्याने फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) आणि जुने वीजबिल मूळ मालकाच्या नावे राहिले. त्यांचे मतदान गावच्या यादीत होते, कारण सैनिक मतदार म्हणून नोंद तेथेच झाली होती आणि नोकरीतून सुट्टी काढून ती बदलण्याचे त्यांना सुचले नाही. सतरा वर्षांत ज्या माणसाला सरकारनेच दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायला लावले, त्याच्याकडे एकाच जागी राहिल्याचा अखंड कागदोपत्री पुरावा मागितला जातो, हे मला अजूनही पचत नाही. डिस्चार्ज बुकात त्यांची प्रत्येक पलटण आणि प्रत्येक मेडल नोंदलेले आहे. टेकडीचा पत्ता तेवढा नाही.

म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी घरे राखीव असतात, असे त्यांना अनेकांनी सांगितले. नंबर लागलाच तर घराची रक्कम कर्जाने उभी करावी लागेल, आणि चौसष्टाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज कोणती बँक देणार? २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना घरपट्टीत माफी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मामांनी ते कात्रण मला दाखवून विचारले होते, “अरे, पण पट्टी माफ व्हायला आधी घर नको का?”

सध्या त्यांचे अपील प्रलंबित आहे. पुरावा शोधता शोधता त्यांच्या मुलीचा महापालिका शाळेतील १९९९ चा प्रवेश अर्ज हाती लागला असून त्यावर खोलीचा क्रमांक, चाळीचे नाव आणि टेकडीचा पत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा मामा सगळे कागद पलंगावर इन्स्पेक्शनला किट मांडावे तसे ओळीने मांडून प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालत होते, आणि तो अर्ज त्यांनी सर्वांत वर ठेवला होता.