ओकडेलच्या खाणकामगारांच्या वास्तूचा मागोवा: माझा अनुभव

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात ‘ओकडेल वर्कमेन्स इन्स्टिट्यूट’ ही खाणकामगारांच्या वाचनाची आणि करमणुकीची वास्तू उभी आहे. ओकडेल हे साउथ वेल्समधलं कोळसाखाणीचं गाव. तिथं १९१७ साली उभी राहिलेली ही इमारत १९८७ मध्ये बंद पडली. मग ती उतरवून इथं आणली, पुन्हा बांधली आणि १९९५ पासून लोकांसाठी खुली झाली. खाली वाचनालय, वृत्तपत्रांची खोली, कमिटीची खोली. वर नाच-नाटकांचं सभागृह. बांधकामाला कर्ज दिलं खाणीच्या कंपनीने, ते फेडलं मात्र कामगारांनी, आपल्या पगारातून. हे कळल्यावर मला राहवेना. असा पैसा जमायचा कसा, हिशेब कोण ठेवायचं?

साउथ वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांतल्या अशा बऱ्याच इन्स्टिट्यूटची दप्तरं स्वान्सी विद्यापीठाच्या रिचर्ड बर्टन अभिलेखागारात आहेत. आधी ऑनलाइन सूचीत शोधायचं. नुसतं गावाचं नाव टाकून भागत नाही. इन्स्टिट्यूट, वर्कमेन्स हॉल, वेल्फेअर हॉल अशी सगळी नावं टाकून पाहा. हवं ते आधी कळवून ठेवलं की जायच्या दिवशी काढून ठेवतात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.

मी शेजारच्या खोऱ्यातल्या एका इन्स्टिट्यूटची इतिवृत्ताची वही मागवली होती. टाकाने लिहिलेलं अक्षर लागायला वेळ गेला. जमाखर्च वाचायचा तर जुन्या ब्रिटिश चलनातला बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हे डोक्यात पक्कं हवं. पण एकदा लय सापडली की उठवत नाही. कोळसा, वर्तमानपत्रं, बिलियर्डच्या टेबलाचं कापड, सगळ्यावर चर्चा, सूचक-अनुमोदक, ठराव मंजूर. दिवसभर खाणीत राबून आलेली माणसं हे इतकं नेटकेपणाने करत होती! माझ्या लेखी इमारतीचा खरा पाया या वह्यांत आहे.

इमारत कधीची हे पाहणं फार गरजेचं. १९२० च्या कायद्याने खाणमालकांवर दर टन कोळशामागे एक पेनी पट्टी बसली आणि त्यातून जमलेल्या वेल्फेअर म्हणजे कामगार-कल्याण निधीतून पुढे पुष्कळ सभागृहं झाली. ओकडेल त्याआधीची. म्हणून तिचा पैसा शोधायचा तो पगारकपातीत.

स्वान्सीला गेलातच तर १९७३ मध्ये सुरू झालेलं साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी चुकवू नका. बंद पडलेल्या इन्स्टिट्यूटची पुस्तकं तिथं जपली आहेत, त्यांचे शिक्के अजून आत दिसतात. दोन्हीकडच्या वेळा मात्र निघण्याआधी विचारून घ्या.