फ्यांगची कोथिंबीर

जानेवारीत लडाखला निघालो तेव्हा घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. लेहजवळच्या फ्यांग गावातल्या पहिल्या सकाळी बाहेर उणे १४ होतं, बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ. आणि आमाले (आमा म्हणजे आई, 'ले' म्हणजे आपलं 'जी') परडी घेऊन निघाल्या. "साग लाने जा रही हूँ."

साग? म्हटलं, बघू तरी.

घरापुढे मातीची बुटकी खोली, दक्षिणेची बाजू तेवढी तिरक्या प्लॅस्टिकची. आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफच धरली. पुसून बघतो तर पालक, मेथी, कोथिंबीर आणि रुंद पानांचं 'मंगोल'. लेहला उतरल्यापासून पहिल्यांदाच ओल्या मातीचा वास आला. आमाले मंगोलची बाहेरची पानं तेवढी खुडत होत्या, मधला कोंब तसाच. तो पुन्हा फुटतो म्हणे.

माझ्या मामाचं तळेगावला जरबेराचं पॉलीहाऊस आहे, त्यामुळे यातलं मला कळतं अशी माझी समजूत. पण मामाची सगळी लढाई उन्हाशी. इथे उन्हाचा कण न् कण साठवायचा, आणि ते काम प्लॅस्टिकचं नाहीच, भिंतीचं आहे. कच्च्या विटांची दुहेरी भिंत, मधल्या फटीत पेंढा ठासलेला. उत्तरेची भिंत आतून काळी. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, म्हणून ऊन थेट तिच्यावर पडतं. दिवसभर ती तापते, रात्रभर ऊब सोडते. ना हीटर, ना वीज. दुपारी हात लावला तर विस्तव काढून घेतलेल्या चुलीसारखी लागली. तेव्हा आत इतकं उकडतं की छताचा झरोका उघडावा लागतो!

जेरेस या फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांना हाताशी धरून ही हरितगृहं गावोगाव पोचवली. २००९ साली त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ही हरितगृहं येण्याआधी हिवाळा काढायचा तो खड्ड्यात पुरलेल्या बटाटे-मुळ्यांवर आणि उन्हाळ्यात वाळवलेल्या पाल्यावर. विमानाने येणारी भाजी रोज कोणाला परवडणार?

दुसऱ्या दिवशी रात्रीचा पडदा ओढायचं काम मी हौसेने मागून घेतलं. सूर्य डोंगराआड जाताच प्लॅस्टिकच्या आतून कापड ओढायचं, एवढंच. मी शिखरांवरच्या गुलाबी उजेडाचे फोटो काढत बसलो. आठवण झाली तेव्हा चांदण्या आल्या होत्या.

"सूरज गया तो गरमी भी गया," आमाले एवढंच म्हणाल्या.

सकाळी प्लॅस्टिकला आतून बर्फाची नक्षी. मेथीला काही झालं नव्हतं, पण कडेच्या कोथिंबिरीने मान टाकली होती. आमालेंनी ती मुकाट्याने कापली आणि रात्री थुक्पात (शेवयांचं सूप) घातली. माझ्या वाडग्यात जरा जास्तच.