धावताना धडधड, आणि काकांची गोष्ट

मी दादरला राहतो, वय ३६. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी शिवाजी पार्कला पहाटे धावायचो. एकदा तिसऱ्या चकरेला छातीत एकदम धडधड सुरू झाली, डोळ्यापुढे अंधारी आली, कट्ट्यावर बसलो तर दोन मिनिटांत सगळं नॉर्मल. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, ॲसिडिटी आणि टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या. त्याच ईसीजीत टी वेव्ह (आलेखातली एक लाट) उलट्या होत्या, म्हणजे हृदयात गडबड असू शकते याची खूण होती, हे मला खूप नंतर कळलं, त्याचा राग अजून आहे.

मग पेडर रोडच्या चढावर परत तेच झालं. बायकोने हट्टाने कार्डिओलॉजिस्टकडे नेलं, बाबा पण सोबत आले. डॉक्टरांनी विचारलं घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, मी नाही म्हणालो. बाबा हळूच बोलले, माझा धाकटा भाऊ, कबड्डी खेळताना मैदानातच गेला, २८ वर्षांचा होता. आम्हाला घरात कायम 'ऊन लागलं' असंच सांगितलेलं.

तिथून सगळं भराभर झालं. ट्रेडमिलवर स्पीड वाढवल्यावर एक्स्ट्रा ठोक्यांची रांगच लागली, लगेच थांबवलं. एमआरआयमध्ये सारखं श्वास सोडून थांबायचं, ठोके चुकले की फोटो परत, तासभर तेच चाललं. हृदयाचा उजवा कप्पा मोठा झालेला. आजाराचं नाव एआरव्हीसी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा एक आनुवंशिक आजार, जीन टेस्टमध्ये पीकेपी२ नावाच्या जीनमध्ये दोष निघाला. डॉक्टरांनी छान समजावलं, की हृदयाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे टाकेच कच्चे असतात, जोरात व्यायाम केला की ताण येऊन ते उसवतात, त्या जागी चरबी आणि व्रण तयार होतो आणि करंट तिथे गोल गोल फिरायला लागतो. म्हणजे मी जेवढा धावत होतो तेवढं ते वाढत होतं, हे ऐकून रडूच आलं मला.

आता डाव्या खांद्याखाली आयसीडी आहे, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं छोटं मशीन, आणि बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या, चालू. मशीन बसवलं तरी धावायची परवानगी नाही, लोकल पकडायला पण नाही. चालतो, हळू.

प्रत्येक मुलाला हा बिघडलेला जीन यायची शक्यता ५० टक्के. बाबांमध्ये निघाला, त्यांना ६८ व्या वर्षी काहीच त्रास नाही, माझ्या भावात नाही निघाला. आत्याची मुलगी चिपळूणला शाळेत पीटी शिकवते, ती म्हणते मला काही होत नाही. आत्याची आणि तिची टेस्ट अजून बाकी आहे, मी दर रविवारी फोन करतोय.