रिपोर्ट नॉर्मल, तरी ऐकू येईना

"कान ठणठणीत आहेत म्हणे. आता तुम्हीच समजवा याला," म्हणत आईने दुसरीकडे केलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, माझ्या टेबलावर ठेवला. 250 ते 8000 हर्ट्झ, दोन्ही कान 15 डेसिबलच्या आत. मुलगा आठ वर्षांचा, परळच्या मराठी शाळेत तिसरीला, वर्ग उड्डाणपुलाला लागून. सोबत आलेली आजी म्हणाली, "वेफर्सचं पाकीट फोडलं की आतल्या खोलीतून धावत येतो बघा, मॅडम. टीव्ही चालू असताना काही सांगितलं, तर नुसता बघत राहतो." रिपोर्ट नॉर्मल आल्यापासून पोराला जास्तच बोलणी बसत होती. असं बऱ्याच घरांत होतं.

ऑडिओग्राम सांगतो, शांत खोलीत बारीक आवाज ऐकू येतो का. पुढे मेंदू त्या आवाजाचं काय करतो (ऑडिटरी प्रोसेसिंग), ते त्यात दिसत नाही.

बूथमध्ये बसवून हेडफोन लावला. उजव्या कानात "पाच, नऊ", त्याच क्षणी डाव्यात "दोन, सात". चारही आकडे सांगायचे. उजवीकडचे बिनचूक. डावीकडचा कधी एक, कधी तोही नाही. नुसत्या डाव्या कानात सोडले, तर फटाफट! हेडफोनच बिघडला नसेल ना, म्हणून बाजू उलटून पुन्हा घेतलं. तरी डावाच मागे.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. दोन्ही कानांत एकदम बोललं, की डाव्या कानातलं आधी उजवीकडे जातं आणि कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल, ओलांडून डावीकडे येतं. ही वाट पक्की व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे लहान मुलांचा डावा कान थोडा मागे असतोच. याचा वयाच्या मानाने फारच होता. सात वर्षांच्या आत आम्ही सहसा या चाचण्या घेत नाही, ते याचसाठी.

एका चाचणीवर शिक्का मारायचा नसतो. आवाजातला काही मिलिसेकंदांचा खंड त्याने झटकन पकडला. गोंगाटातल्या शब्दांची मात्र दाणादाण. शब्द अर्थात मराठीच. इंग्रजी रेकॉर्डिंग लावलं असतं, तर त्याच्या इंग्रजीचीच परीक्षा झाली असती. लक्ष न लागणारं मूलही वरवर असंच दिसतं, तेव्हा ते वेगळं तपासून घेतलं.

शाळेला चिठ्ठी दिली: खिडकीपासून लांब, पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, जमल्यास बाईंना माइक आणि त्याच्या कानाला रिसीव्हर. बाक लगेच बदलला. माइकचं "बघू" म्हणाले.

"औषध नाही का काही?" आईने जाताजाता विचारलंच. नाही. उजव्या कानातला आवाज कमी ठेवून डाव्याला सराव द्यायचा आणि जमेल तसा उजवा वाढवत न्यायचा. काम कंटाळवाणं आहे, आणि ते तो मला दर वेळी ऐकवतो.