तिच्याच हातचे

आजी गेली तेव्हा नव्वदीची होती. जलदानाच्या दिवशी मांडवातल्या निम्म्या बाया मला एकच सांगत होत्या, "मी तिच्याच हातची." यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांत हे ऐकतच मी वाढले. एकदा भर बाजारात कांदेवाला मला म्हणाला, "मी पायाळू हावो, तुह्या आजीनंच काढलं मले." आणि वर एक कांदा जास्त टाकला. उसण भरलेली माणसं पाठीला पाय लावून घ्यायला अजूनही त्याच्याकडे जातात. आजीला त्याचा राग यायचा. "पाय त्याचा, मेहनत माही!"

एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली. माझी आई तेव्हा अंगावर पीत होती. तिला पणजीजवळ ठेवून आजी शकुंतला रेल्वेत बसली, मूर्तिजापूरला गाडी बदलली आणि नागपूरला मिडवाइफच्या ट्रेनिंगला गेली. सातवी पास झालेली महाराची पोर, त्यात विधवा. भावकीत कोणी काय म्हटलं असेल ते ती सांगत नसे. पण मेसमधल्या वरणाबद्दल तिला बोलतं केलं की थांबायची नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपुरातच होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी, महाराष्ट्र व्हायला अजून साडेतीन वर्षं होती. दीक्षेला पांढरं नेसून यायचं होतं आणि तिच्याजवळ पांढरी साडी एकच, ड्युटीची. मैत्रिणीशी पाळी बदलून ती तीच नेसून गेली. बाबासाहेब तिला लांबून, माणसांच्या डोक्यांमधून दिसले. बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, आणि संध्याकाळी त्याच साडीत वॉर्डात हजर. "धुवाले टाईमच कुठं होता?" हे ती अशा थाटात सांगायची की पोटभर हसू यायचं.

पुढे पोस्टिंग मिळालं ते दारव्हा तालुक्यातच. रात्री-बेरात्री बैलबंडी यायची. वाड्यावरची सून अडलेली असली की कोणी जात विचारत नसे, थेट माजघरात नेत. पाचवीच्या दिवशी मात्र चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात, ओट्याच्या कडेला. आजी भांडली नाही. तिच्या पिशवीत कात्री, उकळलेला दोरा, रक्तस्राव थांबवायची मिथर्जिनची इंजेक्शनं आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा लाकडी कर्णा असायचा, त्यात तिनं एक स्टीलचा गिलास घातला. "चहा यात टाका," म्हणायची. मग सवयच लागली. आमच्या घरीसुद्धा ती त्याच गिलासात चहा प्यायची, आणि आम्हा नातवंडांपैकी कोणी त्यात पाणी प्यायलं तर ओरडायची.

सुईणीशी तिचं नातं मला फार आवडतं. म्हातारी सुईण नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख लावायची. मग सात-आठ दिवसांनी लेकराचा जबडा बसायचा, म्हणजे धनुर्वात. आजीनं तिला हाकललं नाही. शेजारी बसवलं, कोरं ब्लेड हातात दिलं, नखं कापून दिली. बाळंतपणानंतर मिळणारी पायलीभर जवारी आणि लुगडं मात्र स्वतः कधी घेतलं नाही, ते सुईणीचंच. पोटावर पाय आला नाही म्हणून सुईण तिचं ऐकत गेली असावी, असं माझं मत. खरी लढाई सासवांशी होती. पहिला चीक पिळून फेकायचा आणि लेकराला गुळाचं पाणी चाटवायचं, ही रीत. आजी बाळंतिणीच्या बाजेवर ठाण मांडून बसायची. लेकरू छातीशी लागल्याशिवाय उठतच नसे.

सिरिंज काचेची, सुया परतपरत वापरायच्या. रविवारी ती अंगणात दगडावर सुयांना धार लावायची आणि टोक कापसावरून ओढून बघायची. तंतू अडकला तर पुन्हा घासायची. मग सगळं डब्यात घालून स्टोव्हवर उकळायचं. कर्ण्याशी खेळायची परवानगी तेवढी होती. एकदा मी तो गाभण शेळीच्या पोटाला लावला. आजीनंही कान लावला आणि गंभीरपणे म्हणाली, "ठोके भलते जोरात हायेत. इले आराम द्या."

नोकरीतला एकच काळ तिनं कधी रंगवून सांगितला नाही, आणीबाणीचा. नसबंदीच्या केसेस आणा, नाहीतर पगार नाही. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली राज्याच्या विधिमंडळानं मंजूरही केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. ज्या घरात तिनं लेकरं काढली, त्याच घरची माणसं तिची छत्री दिसली की पऱ्हाटीत लपायची. नंतर कितीतरी दिवस लसीला बाया आल्या नाहीत. "लोकाईचा भरोसा एका सालात गेला," एवढंच म्हणायची.

रोग एकेक करून जाताना तिनं पाहिले. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, नारू २००० साली गेल्याचं जाहीर झालं. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा ती रिटायर होती, तरी बूथवर खुर्ची टाकून बसली. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाल्याची बातमी मी वाचून दाखवली, तर म्हणाली, "आता टीबीचं पाहा."

तिच्या मागे ट्रंकेत वह्या निघाल्या. आईचं नाव, गाव, लेकराचं वजन, तारीख, कुठं कुठं शेरा: "पोळ्याची रात्र, नाल्याला पूर." आमच्या भागात एका पिढीची जन्मतारीख सरसकट १ जून आहे, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. माणसं आजीकडे विचारायला यायची, "नर्सबाई, मी कधी झालो वो?" जलदानानंतरच्या आठवड्यात एक काका आले, म्हातारपणाच्या पेन्शनसाठी. तास-दीड तास शोधून आम्ही नोंद काढली. आधारवरच्या तारखेपेक्षा ते चार महिन्यांनी लहान निघाले. काकांनी वही मिटून मला परत दिली आणि म्हणाले, "राहू दे बाई, आधारवालीच चालू दे."